मेकअपनं सावळी केलेली नायिका
आता नायिका सावळी दाखवतात, म्हणजे सिनेमा बदलला, असं काहीजण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. ‘बाला’मध्ये (२०१९) भूमी पेडणेकरला मेकअप थापून सावळं केलं होतं. मुळात सावळी असलेली एकही अभिनेत्री मिळाली नसेल? त्याउलट ‘सैराट’ची (२०१६) आर्ची बघा. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि तिचा रंग हा गोष्टीचा विषयच नाही. खरा बदल मला तिथे दिसतो.

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका स्टुडिओत भाचीचे स्थळांसाठी फोटो काढले. न विचारताच चेहरा उजळ करून दिला, गळा मात्र होता तसाच! पोरीनं फोटो तिथेच परत केला आणि मूळचा मागून घेतला. फार बरं वाटलं मला.