औषधाने कळा आणणार आहेत; वेदना कमी करण्याचे काय ठरवून ठेवावे?

रानजाई

नमस्कार. मी पहिलटकरीण असून बाळंतपणासाठी माहेरी, साताऱ्याला आले आहे. ३८वा आठवडा चालू आहे. गरोदरपणात साखर वाढल्यामुळे सातव्या महिन्यापासून इन्सुलिन घ्यावे लागते, आणि म्हणून आपोआप कळा येण्याची वाट न पाहता ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा सुरू करू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. सोमवारी संध्याकाळी दाखल व्हायचे, रात्री गर्भपिशवीचे तोंड मऊ करणारे जेल ठेवायचे आणि गरज पडल्यास सकाळी सलाईनमधून ऑक्सिटोसिन हे कळा आणणारे औषध सुरू करायचे, असे ठरले आहे.

औषधाने आणलेल्या कळा फार जोरकस असतात, असे ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकते आहे. एपिड्युरलविषयी (पाठीत बारीक नळी बसवून कळांचे दुखणे बधिर करण्याविषयी) विचारले, तर ‘ते तेव्हाचे तेव्हा पाहू’ एवढेच उत्तर मिळाले. पाठीत सुई टोचली की कंबर जन्माची धरते, असे आईचे म्हणणे आहे. वहिनीला ट्रामाडॉल या वेदनाशामकाचे इंजेक्शन दिले होते आणि तेवढे पुरते, असे ती सांगते. मला कळा सोसून दाखवण्याची हौस नाही, पण एपिड्युरलमुळे सीझर करावे लागणार असेल तर तेही नको आहे. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव किंवा माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सांजवेळ

रानजाई, ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ या उत्तरावर तुम्ही थांबू नका, कारण माझे पहिले बाळंतपण याच उत्तराने बिघडवले. संध्याकाळी सहाला जेल ठेवले. रात्रभर पाळीत दुखावे तसे ओटीपोटात दुखत राहिले, झोप अशी लागलीच नाही, आणि सकाळी तपासले तेव्हा पिशवीचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडले होते. आठ वाजता सलाईन लावले. अकराच्या सुमारास कळा दर दोन-तीन मिनिटांनी येऊ लागल्या. एक ओसरून घोटभर पाणी प्यावे, तोवर पुढची सुरू होत असे. साडेअकराला मी एपिड्युरल मागितले, तेव्हा कळले की भूलतज्ज्ञ त्या रुग्णालयात नसतातच, बोलावल्यावर येतात आणि त्या वेळी ते गावातल्या दुसऱ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेत होते. ते सव्वादोनला आले, तोवर मला जोर द्यावासा वाटू लागला होता. पंधरा मिनिटांत मुलगी झाली आणि ते तसेच परत गेले.

दुसऱ्या खेपेलाही कळा आणाव्याच लागल्या. त्या वेळी मी आदल्या आठवड्यातच भूलतज्ज्ञांना भेटून आले होते. सलाईन सुरू झाल्यावर तासाभरात नळी बसवली. कळ आली की पोट कडक झालेले हाताला कळायचे, पण दुखणे मात्र फार थोडे होते. कंबर दोन्ही बाळंतपणांनंतर सारखीच दुखली, आणि पहिल्या वेळी तर सुई लागलीही नव्हती, हे तुमच्या आईंना अवश्य सांगा.

गुंगी (भूलतज्ज्ञ)

मी जिल्ह्याच्या ठिकाणी काम करते. तुमचे डॉक्टर तुमची प्रकृती अधिक जाणतात, हे गृहीत धरून लिहिते.

एपिड्युरलची सुई कमरेच्या मणक्यांमध्ये, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालच्या भागात घालतात. सुई लगेच काढून घेतात आणि आत केवळ एक बारीक मऊ नळी ठेवतात, जिच्यातून बधिरतेचे सौम्य औषध देत राहता येते. गुण यायला १५ ते २० मिनिटे लागतात. रक्तदाब उतरणे, अंगाला खाज सुटणे आणि थंडी वाजणे हे बऱ्याच जणींना होते आणि ते आवरता येते. साधारण शंभरात एकीला नंतर तीव्र डोकेदुखी होते, जी उठून बसल्यावर वाढते. तिच्यावरही उपचार आहेत. क्वचित एकाच बाजूला गुण येतो, मग नळी थोडी मागे ओढावी लागते. कायमची कंबरदुखी यामुळे जडते, असे अभ्यासांत दिसलेले नाही.

सीझरविषयी: २०१८च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अहवालात) ११ हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा एपिड्युरलमुळे सीझरचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचे प्रमाण जुन्या चाचण्यांत जास्त होते, २००५ नंतरच्या चाचण्यांत तो फरक उरला नाही, कारण औषधाची मात्रा आता सौम्य झाली आहे. जोर देण्याचा काळ मात्र लांबू शकतो. उलट, कळा आणूनही प्रसूती पुढे सरकली नाही आणि सीझर करावेच लागले, तर त्याच नळीतून वाढीव औषध देऊन बहुधा भागते, हा कृत्रिम कळांमध्ये मला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

ट्रामाडॉलने धार बोथट होते, दुखणे जात नाही. मळमळ आणि गुंगी येते. वहिनींना ते पुरले असेल, पण सर्वांना पुरतेच असे नाही. ‘तोंड लवकर उघडावे’ म्हणून देतात ते ड्रोटाव्हेरिनचे इंजेक्शन हे वेदनाशामक समजू नका, ही गफलत फार होते. रक्त पातळ करणारी इंजेक्शने चालू असतील किंवा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील, तर आधीच सांगा. एपिड्युरलसाठी पिशवीचे तोंड चार सेंटिमीटर उघडेपर्यंत थांबलेच पाहिजे, असा नियम आता राहिलेला नाही. आणि कळा दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त येत असतील, तर सर्वांत आधी ऑक्सिटोसिनचा वेग कमी करायचा असतो, हे सोबतच्या माणसाला ठाऊक असू द्या.

लेस्टरची सून

इकडे इंग्लंडमध्ये माझ्याही कळा औषधाने आणल्या होत्या. येथे अर्धा ऑक्सिजन आणि अर्धा नायट्रस ऑक्साइड असा वायू प्रसूतिकक्षात सर्रास मिळतो. नळी आपल्याच हातात असते. मी सुरुवातीला कळ ऐन भरात आल्यावर ओढत होते आणि ‘याने काही होत नाही’ म्हणून कुरकुरत होते. सुईणीने दाखवले की कळेची चाहूल लागताच श्वास घ्यायला लागायचे, कारण गुण यायला अर्धे मिनिट जाते. त्यानंतर सलाईनचा वेग वाढवीपर्यंत, म्हणजे चारेक तास, मला ते पुरले. पुढे एपिड्युरल घेतलेच. तुमच्याकडे हा वायू आहे का, हे विचारायला हरकत नाही.

रानजाई

सर्वांची मनापासून आभारी आहे. आज पुन्हा जाऊन नेमके विचारले. वायूची सोय नाही. भूलतज्ज्ञ वीस मिनिटांच्या अंतरावर राहतात, रात्रीही येतात, मात्र सकाळी नऊ ते एक त्यांच्या शस्त्रक्रिया ठरलेल्या असतात, आणि त्यांचे शुल्क वेगळे आहे. त्यामुळे सलाईन नऊऐवजी सकाळी सहाला सुरू करून त्यांनी आठच्या आत नळी बसवून जावी, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. शुक्रवारी त्यांची भेट आहे. प्लेटलेटचा अहवाल सोबत नेते. आईही बरोबर येणार आहे, तिला कमरेविषयी स्वतः विचारायचे आहे.