किमान वेतन वाढलं, अनुदान तेवढंच. संस्थेनं फरक कुठून काढायचा?

पांढरकवडा_परिसर
राम राम मंडळी. आमची संस्था मुलींचं वसतिगृह आणि तीन बालवाड्या चालवते. पगारी माणसं ११. सीएसआरचं (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीचं) अनुदान तीन वर्षांचं, पगाराचा आकडा पहिल्याच वर्षी गोठवलेला. इकडे १ जानेवारी आणि १ जुलैला किमान वेतनातला विशेष भत्ता (महागाईचा भाग) बदलतो. काही जण सुचवतात, पूर्ण पगार खात्यात टाका आणि फरक देणगी म्हणून परत घ्या. चालते का?

हिशेबनीस_वर्धा
भाऊ, देणगीचं आधी डोक्यातून काढा. दर महिन्याला त्याच ११ नावांच्या पावत्या ऑडिटरला लगेच दिसतात. कमी पगाराला कामगारानं लेखी संमती दिली तरी ती टिकत नाही. ‘मानधन’ लिहिल्यानंही सुटका नाही. ठरलेली वेळ आणि हजेरीपट असेल तर ते वेतनच.

बोजा नुसत्या वाढीएवढा नसतो. १० किंवा जास्त माणसं असली की ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना द्यायची रक्कम, तरतूद ४.८१ टक्के) आणि, लागू असेल तर, ईएसआय म्हणजे कामगार विमा (संस्थेचा वाटा ३.२५ टक्के). म्हणजे ५०० वाढले की ५४० धरा. २० माणसं झाली की पीएफ, प्रशासकीय शुल्क आणि विम्यासह १३ टक्के. मग तेच ६०५ होतात. एकदा पीएफ लागू झाला की माणसं कमी करूनही तो सुटत नाही.

बोनसमधून ना-नफा संस्थांना सूट आहे. त्यावरून किमान वेतनातूनही सूट मिळते असं खूप संस्थाचालक धरून चालतात. नाही मिळत.

पांढरकवडा_परिसर
कंपनीवाले म्हणतात, प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नको. सगळे पगार त्यातच धरतात.

गडचिरोली_ताई
ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, दादा. स्वयंपाकीण, गृहपाल, बालवाडी ताई हा प्रकल्पाचा थेट खर्च. बजेटमध्ये ‘पगार’ अशी एकच ओळ टाकू नका. पद, परिमंडळ (किमान वेतनाचा दर ठरवणारा विभाग), मूळ वेतन, विशेष भत्ता, संस्थेचा वाटा असं वेगळं मांडा आणि ‘विशेष भत्ता शासनदराप्रमाणे बदलेल’ हे वाक्य करारातच घाला. चालू प्रकल्पात नवा दर आल्याबरोबर फरकाचा तक्ता जोडून पत्र द्या, न वापरलेल्या प्रवास किंवा प्रशिक्षणाच्या रकमेतून वळवायची मंजुरी मागा. मार्चमध्ये मागितलं तर कोणी ऐकत नाही.

हिशेबनीस_वर्धा
ताईंचं बरोबर. दोन गोष्टी राहिल्या. वसतिगृहाचा चौकीदार आणि स्वयंपाकीण तिथेच राहतात, म्हणून त्यांचे तास कोणी मोजत नाही. जास्तीच्या तासांना दुप्पट दर आहे. खरा खड्डा तिथे पडतो. जेवण देतो म्हणून मनानं पगारही कापता येत नाही.

आणि पगार कमी दाखवायला प्रवासभत्ता फुगवू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग वेतनातच धरला जातो, ग्रॅच्युइटी वाढते.