डोंगरावरच्या भातखाचरात वर्षभर पाणी टिकतं कसं? (फिलिपाईन्स)

मंगळवेढेकर:
काल फिलिपाईन्समधल्या इफुगाव लोकांच्या भातशेतीचे व्हिडिओ बघत बसलो, दीड वाजला रात्रीचा. बनावे, बताद अशी गावं हायत, अख्खा डोंगर पायऱ्या पायऱ्यांनी कापलाय आणि प्रत्येक पायरीत पाणी उभं, ना धरण ना मोटर. मी औंदा दोन एकराला बांध घातला तो एका वळवाच्या पावसात फुटला, मग ह्यांचे कसे टिकतात? माहिती असंल तर नीट सांगा.

सीनाकाठ:
पाणी वरच्या झाडीतनं येतंय. खाचरांच्या वर घराघराची राखलेली झाडी असती, तिला मुयोंग म्हणतात. पाऊस तिथं मुरतो, झऱ्यानं निघतो, पाटानं वरच्या खाचरात येतो आणि मग उतारानं एकातनं दुसऱ्यात, मोटर लागतच नाही. बांध कुठं दगडाचे, कुठं मातीचे. खाचर सहसा कोरडं पडू देत नाहीत, कारण वाळलं की भेगा पडतात आणि पुढच्या पावसाचं पाणी भेगंत शिरून बांध खाली घेऊन जातं. काळ्या रानातल्या भेगा आपल्याला काय नवीन सांगायच्या. म्हणून वर्षाच्या वर्षाला हातानं डागडुजी करावीच लागती. १९९५ ला युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून घेतलं, पण पोरं शहराकडं निघाली, खाचरं पडीक पडायला लागली, शेवटी २००१ ला धोक्यातल्या यादीत गेलं. २०१२ ला बाहेर आलं, ह्याचा मला मनापासून आनंद झालाय.

बार्शीवाला:
२००० वर्षं जुनी म्हणून सगळीकडं छापतात. स्टीफन अकाबादो ह्या पुरातत्त्व संशोधकानं इफुगावमध्ये खोदकाम केलंय, त्यांच्या मते भाताची खाचरं साधारण ४०० वर्षांची, स्पॅनिश लोक आल्यावर माणसं डोंगरात वर सरकली तेव्हा वाढलेली, त्याआधी तिथं अळूच्या जातीचा कंद लावायचे. मला तर हे जास्त भारी वाटतं, एवढा डोंगर थोड्या पिढ्यांत हातानं कोरला. भात मात्र वर्षाला एकदाच, तिनावोन म्हणतात त्याला.

मंगळवेढेकर:
सीनाकाठ भाऊ, डोक्यात उजेड पडला. माझ्या रानाच्या वर नुसता उघडा माळ हाय, आजोबांच्या वेळी तिथं लिंब-बाभळी होत्या, आम्हीच तोडल्या. पाणी लोंढ्यानं येतं आणि बांधावर आदळतं. आता बांध परत घालायच्या आधी माळावर चर मारू का?

सीनाकाठ:
आधी चर, उताराला आडवे. आणि लिंबाची रोपं पाऊस पडल्या पडल्या लावा.