दर वेळी नवा इंटरप्रिटर कशाला?

दिवसातून शेकडो वेळा चालणारी पायथन या भाषेतली स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) सुरू व्हायलाच वेळ खात असेल, तर वेगवान मशीन घ्यावे काय, की ती चालवणारा इंटरप्रिटर हा प्रोग्रॅम एकदाच सुरू करून चालूच ठेवावा, असा मूळ प्रश्न आहे. खर्च करण्यापूर्वी वेळ नेमका कुठे जातो ते अवश्य पाहावे, पायथन ३.७ पासून ‘इम्पोर्टटाइम’ हा पर्याय प्रत्येक मॉड्यूल (कोडचा जोडभाग) लोड व्हायला लागलेला वेळ मायक्रोसेकंदांत दाखवतो.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या वजनाची पावती छापणारी आमची स्क्रिप्ट अशीच रेंगाळत असे. हिशेब क्षणात होई, पण त्याआधी पांडाज ही आकडेवारीची लायब्ररी लोड होऊन डेटाबेसशी जोडणी होईपर्यंत बर्फ वितळत राही आणि खलाशी काट्यापाशी ताटकळत उभे असत. आता इंटरप्रिटर पहाटे एकदाच सुरू होऊन युनिक्स सॉकेटवर (एकाच मशीनवरच्या प्रोग्रॅमना जोडणाऱ्या वाटेवर) वाट पाहतो आणि सी भाषेतला एक छोटासा प्रोग्रॅम त्याला फक्त वजन कळवतो. हा निरोप्याही पायथनमध्ये लिहिला असता, तर त्याच्यासाठी दर वेळी नवा इंटरप्रिटर सुरू होऊन काही फायदा तिथेच गेला असता. वेब सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या फास्टसीजीआय आणि मॉड-पर्ल या तंत्रांनी १९९० च्या दशकात हाच मार्ग धरला होता.

मात्र प्रक्रिया (चालू असलेला प्रोग्रॅम) जिवंत राहते, तशी तिची ग्लोबल चलेही, म्हणजे सगळ्या कोडला दिसणाऱ्या नावांखाली साठवलेली माहितीही, जिवंत राहतात. आमच्याकडे एका पावतीवर आधीच्या होडीचे नाव छापले गेले, आणि ज्याच्या घामाची ती मासळी होती त्याच्यापुढे मान खाली घालावी लागली. म्हणून प्रत्येक कामाच्या आरंभी सर्व चले नव्याने भरावीत, मेमरी साचत जाऊ नये यासाठी ठरावीक कामांनंतर प्रक्रिया आपोआप पुन्हा सुरू करावी, आणि कोड बदलल्यावर ती हाताने पुन्हा सुरू करण्यास विसरू नये.