मदत हवी आहे: दोन प्रसूती विभागांचे सिझरचे आकडे कसे ताडायचे?

तीन_पाळ्या
लवकर सांगा, परवा मीटिंग आहे. आमच्या विभागात ४१ टक्के सिझर, आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या विभागात २२. फरक का, असं वरून विचारलंय आणि ठपका लेबर रूमवर येतोय. आम्ही रात्र रात्र बायकांच्या उशाशी उभ्या असतो, म्हणून फार लागलंय. तक्ता कसा मांडू? सध्या कारणानुसार वेगळं करतेय.

आकडेमोड
४१ टक्के कशाचे? एकूण बाळंतपणं किती, किती महिन्यांची? जुळ्यांची आई एकदाच मोजली ना? रेफर झालेल्या केसेस कुणाकडे जातात?

तीन_पाळ्या
सहा महिने. आमच्या ६१२ पैकी २५१, त्यांच्या ३४० पैकी ७५. रेफर केसेस अर्थात आमच्याकडेच, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) इथेच आहे.

आकडेमोड
ताई, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! मग सरळ तुलना होणारच नाही.

सरळरेघ
जागतिक आरोग्य संघटना १० ते १५ टक्के सांगते. त्या हिशेबाने दोन्ही विभाग चुकतायत. विषय संपला.

डॉ_पाऊलवाट
संपला नाही. तो आकडा १९८५चा आणि अख्ख्या लोकसंख्येसाठीचा. अवघड केसेस जिथे गोळा होतात त्या रुग्णालयाला तो लावायचा नसतो. ठरावीक टक्का गाठण्यापेक्षा गरज असलेल्या प्रत्येकीला सिझर मिळावं, असं त्याच संघटनेने २०१५ साली म्हटलंय.
ताई, कारणं सोडा. 'प्रगती नाही', म्हणजे बाळंतपण पुढे सरकत नाही, हे प्रत्येक डॉक्टर वेगळ्या वेळी लिहितो. बाळंतिणींचे रॉब्सनच्या वर्गवारीप्रमाणे दहा गट करा. सहाच गोष्टी लागतात: आधीची बाळंतपणं, आधीचं सिझर, कळा आपोआप की औषधाने, मूल एक की जास्त, किती आठवडे, आणि डोकं खाली, पायाळू की आडवं. प्रत्येक बाई एकाच गटात बसते. पहिलटकरीण, एकच मूल, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण, कळा आपोआप: हा गट १. बाकी सगळं तेच, पण कळा औषधाने आणल्या किंवा कळांआधीच सिझर केलं, तर गट २. आधी सिझर झालेली, एकच मूल, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण: गट ५.

मृण्मयी
माझ्या वेळी कळा आणायचं औषध लावलं आणि चौदा तासांनी सिझर. आजही वाटतं, दोन दिवस थांबले असते तर? ताई, बायकांना श्वासाचे व्यायाम शिकवा, खूप फरक पडतो.

सरळरेघ
बघा, औषधाने कळा आणणं हेच मूळ.

डॉ_पाऊलवाट
इतकं सोपं नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या 'अराइव्ह' चाचणीत कमी जोखमीच्या ६,१०६ पहिलटकरणी होत्या. ३९व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के, वाट पाहिलेल्यांत २२.२.

मृण्मयी
चाचणीत वेळ देत असतील. मला दिला नव्हता.

तीन_पाळ्या
रात्रपाळी संपल्यावर गेल्या महिन्याचं रजिस्टर घेऊन बसले. १०४ बाळंतपणं, ४३ सिझर. गट १ मध्ये १८ जणी, सिझर २. गट २ मध्ये २७ जणी, सिझर १५. गट ५ मध्ये २२ जणी, सिझर २१. बाकी ३७ जणींत ५. मला वाटत होतं रेफर केसेसमुळे आकडा फुगलाय. तसं दिसत नाही.
गट २ च्या पंधरा जणी एकेक करून पाहिल्या. अकरा जणींपुढे 'प्रगती नाही'. त्यातल्या सात जणींचं शेवटच्या तपासणीत गर्भाशयाचं तोंड तीन-चार सेंटिमीटरच उघडलेलं. त्यातल्या दोघींच्या तपासण्या माझ्याच अक्षरात आहेत.

डॉ_पाऊलवाट
२०१८ पासून जागतिक आरोग्य संघटना जोराच्या कळांचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरते. त्याआधी 'प्रगती नाही' म्हणणं घाईचं ठरू शकतं. आणि आजची गट २ मधली सिझरवाली पुढच्या खेपेला बहुधा गट ५ मध्ये येते. तुमच्या ४३ पैकी २१ तिथेच आहेत.

आकडेमोड
एका महिन्यावर निकाल देऊ नका. १८ पैकी २ म्हणजे ११ टक्के, एक जरी वाढली तरी १७. सहाही महिने भरा. दोन्ही विभागांच्या गटवार टक्केवारीसोबत कोणत्या गटात किती जणी तेही दाखवा, नाहीतर रेफरचा मुद्दा पुन्हा निघेल.

सरळरेघ
आणि बाळांचं काय झालं? सिझर कमी आणि बाळं एनआयसीयूत, हे कुणाला हवंय?

आकडेमोड
हे मात्र बरोबर. तो रकाना जोडाच.

तीन_पाळ्या
जोडते. दुसऱ्या विभागातल्या सिस्टरने रजिस्टरचे फोटो पाठवलेत. कळा आपोआप की औषधाने, हा रकानाच त्यांच्याकडे नाही. मीटिंग आठवडाभर पुढे ढकलायला सांगितलंय. आता त्यांचे ३४० केसपेपर काढायला निघालेय.