कृष्णप्रसाद भट्टराई : स्वतःच घेतलेल्या निवडणुकीत पराभूत झालेले पंतप्रधान

प्रश्न
नेपाळच्या १९९० नंतरच्या संसदीय राजकारणाविषयी वाचताना कृष्णप्रसाद भट्टराई, म्हणजेच किशुनजी, यांच्या कारकिर्दीपाशी मी वारंवार अडखळतो. १९५९ च्या पहिल्या निर्वाचित संसदेचे ते सभामुख (अध्यक्ष), पक्षांवर बंदी असलेल्या राजाच्या पंचायत राजवटीत दीर्घ कारावास भोगलेले नेते आणि १९९० च्या लोकशाहीवादी जनआंदोलनानंतरचे पहिले पंतप्रधान. इतके असूनही १९९१ मध्ये काठमांडू-१ मध्ये ते हरले आणि १९९४ च्या पोटनिवडणुकीत तिथेच पुन्हा हरले. लोकांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता, असा याचा अर्थ घ्यावा काय?

प्रतिसाद १
असा अर्थ घेणे अन्यायाचे होईल, असे मला मनापासून वाटते. एप्रिल १९९० मध्ये राजे वीरेंद्र यांनी पक्षबंदी उठवली, तेव्हा पंतप्रधानपद आंदोलनाचे सर्वोच्च नेते गणेशमान सिंह यांच्यासमोर आले होते. त्यांनी ते नाकारून भट्टराईंचे नाव पुढे केले. भट्टराईंचा नेपाळी काँग्रेस (पुढे नुसते काँग्रेस) पक्ष, डावी आघाडी आणि राजाचे प्रतिनिधी अशा परस्परांकडे संशयाने पाहणाऱ्यांच्या या मंत्रिमंडळाकडे संविधान देणे आणि निवडणूक घेणे ही दोन कामे होती. ९ नोव्हेंबर १९९० ला संविधान जारी झाले आणि १२ मे १९९१ ला मतदानही झाले. ही दोन्ही कामे तेरा महिन्यांत उरकणे त्या परिस्थितीत मुळीच सोपे नव्हते.

आता काठमांडू-१ विषयी. तिथे त्यांच्यासमोर एमालेचे (नेपाळ कम्युनिस्ट पक्ष, एकीकृत मार्क्सवादी-लेनिनवादी) मदन भंडारी उभे होते. दीर्घ काळ भूमिगत राहून नुकताच उघडपणे लोकांसमोर आलेला, विलक्षण वक्तृत्वाचा हा तरुण नेता तेव्हा राजधानीतल्या सभा गाजवत होता. शिवाय अंतरिम सरकारवरचा सारा रोष पंतप्रधानांच्याच वाट्याला येत होता. जून १९९० मध्ये भट्टराई दिल्लीला गेले आणि भारताबरोबरचा खुंटलेला व्यापार त्यांनी पूर्ववत करून आणला, पण संयुक्त निवेदनात नद्यांचा उल्लेख ‘साझा नद्या’, म्हणजे दोन्ही देशांच्या सामाईक नद्या, असा झाल्याने डाव्या पक्षांनी त्यांना धारेवर धरले. २०५ जागांपैकी काँग्रेसला ११० आणि एमालेला ६९ मिळाल्या. पक्षाला बहुमत मिळाले, पंतप्रधान मात्र पडले आणि त्यांच्याच पक्षाचे गिरिजाप्रसाद कोइराला सत्तेवर आले. सरकारी निवास सोडताना भट्टराईंजवळ एक छत्री, एक पत्र्याची पेटी आणि पाण्याची सुरई एवढेच सामान होते, ही आठवण नेपाळमध्ये आजही सांगितली जाते. सत्ता हातात असूनही ज्यांनी आपला पराभव घडू दिला, त्यांच्या निवडणूक-नोंदीत ही हार मी उणी बाजू म्हणून धरणार नाही.

प्रतिसाद २
वरील मांडणी पटते, परंतु १९९४ चा पराभव वेगळा आहे आणि तो १९९१ च्या ओळीत बसवू नये. मे १९९३ मध्ये चितवनमधील दासढुंगा येथे जीप त्रिशूली नदीत कोसळून मदन भंडारी यांचा मृत्यू झाला आणि जागा रिक्त झाली. एमालेने त्यांच्या पत्नी विद्या भंडारी यांना उभे केले, त्यामुळे सहानुभूतीचा प्रवाह त्यांच्या बाजूने होता. मात्र काँग्रेसजनांच्या मनाला लागले ते दुसरेच. पक्षाध्यक्ष स्वतः उमेदवार असताना पंतप्रधान कोइराला यांना ही उमेदवारी मान्य नव्हती. निकालानंतर ‘अंतर्घात’ (स्वपक्षीयांनीच केलेला घात) हा शब्द जो रूढ झाला, तो पुढे कित्येक वर्षे पक्षाच्या मागे लागला. त्याच जुलैमध्ये काँग्रेसचे ३६ खासदार संसदेत अनुपस्थित राहिले, सरकारचा ठराव पडला आणि कोइरालांनी मध्यावधी निवडणूक पुकारली. या ३६ जणांचे ‘छत्तिसे’ आणि कोइरालांच्या बाजूच्या उरलेल्या ७४ जणांचे ‘चौहत्तरे’ ही गटांची नावे तिथूनच आली. नोव्हेंबर १९९४ च्या त्या निवडणुकीत एमाले ८८ आणि काँग्रेस ८३ असा निकाल लागला आणि बहुमताचे सरकार घरातल्या भांडणापायी गेले.

प्रश्नकर्ता
दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. मग १९९९ मध्ये हेच भट्टराई पुन्हा पंतप्रधान कसे झाले? तेव्हाही ते काठमांडूतूनच उभे होते काय?

प्रतिसाद ३
नाही. त्या वेळी ते बिहारच्या सीमेवरील रक्सौलच्या पलीकडच्या, तराईतल्या (सखल मैदानी पट्ट्यातल्या) पर्सा जिल्ह्यातून, पर्सा-१ मधून निवडून आले. काँग्रेसने भावी पंतप्रधान म्हणून त्यांनाच पुढे करून मते मागितली होती आणि १११ जागा मिळवल्या. या निकालात त्यांच्या प्रतिमेचा वाटा मोठा होता, हे त्यांच्या विरोधकांनीही नाकारण्याचे कारण नाही.

आपल्याकडच्या वाचकांना त्या कारकिर्दीतली एक घटना नक्की आठवेल. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे आयसी-८१४ विमान अपहृत झाले, तेव्हा नेपाळचे पंतप्रधान भट्टराईच होते. माओवादी बंडही तेव्हा फैलावत होते. तथापि त्यांना खाली खेचले ते स्वपक्षाच्या संसदीय गटानेच, कारण त्यात कोइरालांचे बळ जास्त होते. मार्च २००० मध्ये, जेमतेम दहा महिन्यांत, त्यांनी राजीनामा दिला आणि कोइराला पुन्हा पंतप्रधान झाले. म्हणून प्रश्नकर्त्यांना माझी विनंती आहे की काठमांडू-१ मधील दोन पराभवांशेजारी त्यांनी ही नोंदही ठेवावी : मतदारांनी भट्टराईंना १९९९ मध्ये स्वीकारले होते, आणि ते पद काढून घेण्याचा निर्णय मतपेटीत झालेला नव्हता.