प्रतिसाद: ‘साधर्म्यवाचक शब्द शोधा, अलंकार सापडेल’

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की कवितेतला अलंकार ओळखायला साधर्म्य (सारखेपणा) दाखवणारा शब्द शोधायचा: ‘सम, सारखा, परी’ दिसलं की उपमा आणि ‘जणू, गमे, वाटे, की’ दिसलं की उत्प्रेक्षा, एवढं पाठ केलं की झालं. दोन मार्कांपुरतं ठीक आहे. पण दहावीतल्या माझ्या भाचीने याच यादीच्या जोरावर एका ओळीतल्या ‘परी’ला बिनधास्त उपमा ठरवलं, आणि तिथे ‘परी’चा अर्थ होता ‘परंतु’! ‘की’चंही तेच, तो ससंदेह अलंकारातही येतो. आणि रूपकात तर असा शब्द नसतोच, मग शोधणार काय?

शेवटी वही बाजूला ठेवली आणि संध्याकाळी दादरच्या पुलावर तिला गर्दी दाखवली. गर्दी उपमेय, म्हणजे जिची तुलना करायची ती; समुद्र उपमान, म्हणजे ज्याच्याशी करायची तो. आता फक्त दोघांतलं नातं बदलत जायचं. ‘गर्दी समुद्रासारखी’ ही उपमा. ‘गर्दी जणू समुद्रच’, उत्प्रेक्षा. ‘गर्दीचा समुद्र’ म्हटलं की दोन्ही एकरूप, म्हणजे रूपक. ‘ही गर्दी नव्हेच, समुद्र आहे’, इथे उपमेयच नाकारलं, अपन्हुती. ‘ही गर्दी की समुद्र?’ हा ससंदेह. मग धक्के खात जिना उतरताना ती स्वतःच म्हणाली, “मामा, समुद्राला निदान ओहोटी तरी असते, हिला तीही नाही!” उपमेय उपमानाच्याही वरचढ, झाला व्यतिरेक. (अतिशयोक्तीही म्हणता येईल, पण सहाच्या सुमाराला दादरला उतरून बघा आणि मग बोला.)